दोनशे लिंक आणि एक अडलेले गणित

वाचकाचे पत्र

‘मी सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. गरज पडेल तेव्हा भाषेचे आणि इतिहासाचे तासही घेते. गेल्या वर्षभरात मी इंटरनेटवरच्या मोफत शैक्षणिक साहित्याच्या दोनशेहून अधिक लिंक जमवल्या आहेत. मुले व्हिडिओ आवडीने पाहतात. परवा अपूर्णांकांच्या भागाकाराचा एक चांगला व्हिडिओ दाखवल्यावर मी शाब्दिक उदाहरण दिले : पाऊण मीटर फितीचे पाव मीटरचे किती तुकडे होतील? एका मुलीने तीन-सोळांश असे उत्तर लिहिले आणि वही पुढे करून म्हणाली, “बाई, व्हिडिओ सगळा समजला, पण गणित येत नाही.” तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. इतक्या साहित्यातले विश्वासार्ह कोणते, हे कसे ओळखावे? त्याचे मराठी रूपांतर करून मुलांना छापून दिले तर चालते का? आणि साहित्य इतके चांगले असूनही मुले का अडतात?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे तीनही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांची वाट त्यातूनच जाते. ‘समजले, पण येत नाही’ असे सांगणाऱ्या त्या मुलीला आधी शाबासकी द्या. समजल्यासारखे वाटणे आणि स्वतःला करता येणे यांतले अंतर तिने ओळखले आहे, आणि ते अनेक मोठ्या माणसांनाही ओळखता येत नाही.

या अंतराचा अभ्यासही झालेला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला होता. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याभराने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. व्हिडिओ पाहणे, आणि नाही कळला तर परत पाहणे, हे पुन्हा वाचण्याच्याच जातीचे काम आहे. पाहताना सगळे ओळखीचे वाटते आणि त्या ओळखीलाच आपण समज म्हणतो. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंबाबत असेच आढळले. संकल्पना स्वच्छ आणि सुबोध मांडणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडले, त्यांचा आत्मविश्वासही वाढला, पण त्यांची उत्तरे फारशी सुधारली नाहीत. याउलट ज्या व्हिडिओंत मुलांच्या मनात असणारी चुकीची समजूतच आधी कुणीतरी बोलून दाखवते आणि मग ती तपासली जाते, ते विद्यार्थ्यांना गोंधळाचे वाटले, तरी पाहिल्यानंतरची उत्तरे मात्र अधिक बरोबर आली.

आता तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचे तीन-सोळांश पाहू. हे उत्तर आकडेमोडीच्या चुकीतून आलेले नाही. तिने पाऊण आणि पाव यांचा गुणाकार केला आहे आणि तो अगदी बिनचूक केला आहे. भागाकार केला की उत्तर लहान यायला हवे, ही पूर्णांकांच्या सवयीतून पक्की झालेली समजूत तिच्या मनात असावी, असा माझा अंदाज आहे. पाऊणला भागून तीन येतात हे तिला पटण्यासारखे नव्हते, म्हणून तिने लहान उत्तर देणारी क्रिया निवडली. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ असे कितीही छान चित्रांनी समजावणारा व्हिडिओ या समजुतीला हातच लावत नाही, आणि म्हणून तो पूर्ण समजूनही तिला उपयोग झाला नाही.

तेव्हा माझा मुख्य सल्ला असा की, शोध साहित्यापासून सुरू न करता मूल जिथे अडते त्या जागेपासून सुरू करा. तासाआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा : ‘भागाकाराने संख्या लहानच होते, असे मुलांना वाटते.’ ते वाक्य हातात असले की दोनशे लिंकमधून दोन वेगळ्या काढणे सोपे जाते, आणि ते हातात नसेल तर दोन हजार लिंकही पुरत नाहीत.

विज्ञानाचे एक उदाहरण थोडे सविस्तर सांगते, कारण मोफत साहित्याचे खरे सामर्थ्य मला तिथे दिसले. विद्युत मंडल शिकवताना बहुतेक मुलांना वाटते की दिवा विद्युतधारा खाऊन टाकतो, म्हणून दिव्याच्या अलीकडे धारा जास्त आणि पलीकडे कमी असते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा संगणकावरच्या प्रतिकृतींचा प्रकल्प २००२ साली नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी सुरू केला. त्यात पडद्यावर विद्युतघट, तारा, दिवे आणि विद्युतधारा मोजणारे अॅमीटर जोडून मंडल बनवता येते. मी वर्गात पहिल्यांदा हे वापरले तेव्हा सरळ दिवा लावून दाखवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या चाचणीत तीच जुनी चूक पुन्हा आली. दुसऱ्या वर्षी मी क्रम बदलला. घट आणि एक दिवा जोडला, पण मंडल पूर्ण करण्याआधी फळ्यावर विचारले की दिव्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन अॅमीटर लावले तर कोणता जास्त दाखवेल, आणि प्रत्येकाला वहीत आपले उत्तर कारणासह लिहायला लावले. वर्गातल्या बहुतेकांनी ‘आधीचा’ असे लिहिले. मग तार जोडली. दोन्ही अॅमीटरवर एकच आकडा आला आणि वर्गात अशी शांतता पसरली की जी माझ्या बोलण्याने कधीच पसरली नव्हती. ‘बाई, हे बिघडलंय का?’ असे एका मुलाने विचारले, आणि त्या दिवसाचा खरा पाठ तिथून सुरू झाला. पुढे दुसरा दिवा एकसरीत जोडल्यावर दोन्ही दिवे सारखेच मंद का झाले, हे मुलांनी आपापसांत भांडून ठरवले. साहित्य दोन्ही वर्षी तेच होते. फरक केवळ एवढाच पडला की दुसऱ्या वर्षी मुलांनी आधी आपले मत पणाला लावले होते.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. प्रतिकृती ही प्रतिकृतीच असते. त्यात तारेतले इलेक्ट्रॉन ठिपक्यांच्या रूपात सरकताना दिसतात, ते सोयीसाठी आहे. प्रत्यक्ष तारेत इलेक्ट्रॉन फारच सावकाश सरकतात, आणि त्यांची संख्या पडद्यावरच्या ठिपक्यांशी जुळण्यासारखी नसते. हे मुलांना सांगावे, आणि शक्य असेल तेव्हा खरा दिवा, खरी तार आणि खरा घट त्याच तासाला टेबलावर ठेवावा.

भूमितीसाठी ‘जिओजिब्रा’ हे मोफत सॉफ्टवेअर याच पद्धतीने वापरता येते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबर्गमध्ये ते तयार करायला घेतले. परिकेंद्र, म्हणजे तिन्ही बाजूंच्या लंबदुभाजकांचा छेदनबिंदू, नेहमी त्रिकोणाच्या आतच असते असे मुलांना वाटते, कारण पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांत ते आतच काढलेले असते. पडद्यावर त्रिकोण काढून तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक घ्या आणि एक शिरोबिंदू मुलाच्याच हातून हळूहळू ओढायला लावा. कोन वाढत काटकोन झाला की छेदनबिंदू बरोबर कर्णाच्या मध्यावर येऊन बसतो, आणि त्यापुढे ओढले की तो त्रिकोणाबाहेर निघून जातो. कागदावर अशा वीस आकृत्या काढायला दोन तास गेले असते. मात्र ओढून झाल्यावर यातली एक आकृती कंपास-पट्टीने कागदावर काढून घ्याच, कारण हाताने काढल्याशिवाय लंबदुभाजक म्हणजे काय, हे मुले लवकर विसरतात.

गणिताच्या सरावासाठी ‘खान अकॅडमी’ तुमच्या यादीत असेलच. अमेरिकेतील सलमान खान (अभिनेते नव्हेत) यांनी २००४ मध्ये आपल्या नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली, त्यातून २००८ साली ही ना-नफा संस्था उभी राहिली. लोक तिचे व्हिडिओ पाहतात, पण माझ्या मते तिथली खरी मौल्यवान वस्तू म्हणजे सरावाचे प्रश्न, कारण तिथे मुलाला उत्तर द्यावे लागते, चुकले तर लगेच कळते आणि पायरीपायरीने सूचना मागता येते. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर छोटा दाखवा. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रे तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणारे त्यात सहसा सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाहीत, असे आढळले. हे तर स्वेच्छेने अभ्यासक्रमाला बसलेले विद्यार्थी होते. म्हणून दहा मिनिटांचा व्हिडिओ तिसऱ्या मिनिटाला थांबवा, ‘आता पुढची पायरी काय असेल?’ असे विचारा, आणि उत्तरे लिहून झाल्यावरच पुढे चला.

भाषा आणि इतिहासाच्या तासांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे अडण्याच्या जागा निराळ्या असतात. भाषेत मुलाच्या पातळीचे आणि त्याला आवडेल असे भरपूर वाचन मिळत नाही, ही मुख्य अडचण असते. २०१५ साली ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर वाचन-पातळीनुसार लावलेली, मराठीसह शेकडो भाषांतली बालपुस्तके आहेत, आणि ती नुसती वाचण्यासाठीच नव्हे तर भाषांतर करण्यासाठीही खुली आहेत. आठवीच्या मुलांनी तिसरीच्या मुलांसाठी एका गोष्टीचे मराठी भाषांतर केले, तर ‘हा शब्द लहान मुलाला कळेल का?’ या एका प्रश्नातून व्याकरणाचे कितीतरी तास वाचतात. इतिहासासाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली सुमारे ३ लाख ७५ हजार चित्रे सर्वांना हवी तशी वापरण्यासाठी खुली केली, आणि अमेरिकेच्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा तशाच खुल्या केल्या. एका तासाला एकच चित्र घ्या आणि मुलांना दहा मिनिटे फक्त पाहू द्या, कारण चित्रात ‘काय दिसते’ आणि त्यावरून ‘आपण काय अनुमान काढतो’ यांत मुलांची नेहमी गल्लत होते. समाजशास्त्रासाठी गॅपमाइंडर या संस्थेचा ‘डॉलर स्ट्रीट’ हा प्रकल्प मला फार आवडतो. तिथे जगभरच्या घरांतील दात घासण्याची साधने, चुली, बिछाने यांची छायाचित्रे उत्पन्नानुसार लावलेली आहेत, आणि देशापेक्षा उत्पन्नच राहणीमान कसे ठरवते हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

आता विश्वासार्हतेचा प्रश्न. कर्ता कोण आहे, संस्था कोणती आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, चूक आढळली तर कळवण्याची सोय आहे का, हे पाहावेच. पण याहून खात्रीची कसोटी तुमच्याकडे आधीच आहे. मुले जिथे हमखास चुकतात ती जागा त्या साहित्यात शोधा आणि तिथे ते काय करते, ते पाहा. ऋतूंचा विषय घ्या. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते ही समजूत मोठ्यांतही आढळते. वास्तविक पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर असते, तर जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, म्हणजे सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. ऋतू बदलतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे. असे असूनही कित्येक देखण्या व्हिडिओंत पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते. निवेदक अक्षाबद्दल अचूक बोलत असतो, पण पाहणाऱ्या मुलाच्या डोक्यात ती लांबट कक्षा आणि जुनी समजूत एकदमच घट्ट बसते. निवेदनात एकही चुकीचे वाक्य नसलेला असा व्हिडिओ मी स्वतः दोन वर्षे दाखवला होता, आणि चाचणीतल्या उत्तरांनीच मला त्यातली खोट दाखवली. म्हणून कोणतेही साहित्य आधी पूर्ण पाहा, शक्य असल्यास आवाज बंद करूनही एकदा पाहा, आणि फक्त चित्रांवरून मुलाला काय वाटेल याचा विचार करा.

विकिपीडियाविषयी शिक्षकांत उगाच दोन टोके दिसतात : काही जण ते पाहूच नका म्हणतात, तर काही जण त्यातला उतारा जसाच्या तसा वहीत उतरवून देतात. लेखाच्या वर ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी पाने असतात. तो लेख कुणी, केव्हा आणि का बदलला, कोणत्या मुद्द्यावर वाद झाला, हे तिथे उघड दिसते, आणि इतका पारदर्शकपणा छापील पुस्तकातही मिळत नाही. मुलांना एखाद्या वाक्यापुढचा संदर्भ उघडून तो खरोखर तेच सांगतो का, हे तपासायला लावा. संभाषण करणाऱ्या एआय साधनांना मात्र मी संदर्भाच्या रांगेत बसवणार नाही. सरावासाठी प्रश्न तयार करायला ती उपयोगी पडतात, पण चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठामपणे देतात, आणि ज्या मुलाला विषय येत नाही त्याला ते ओळखता येत नाही. त्यांनी बनवलेला प्रत्येक प्रश्न तुम्ही स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी दोन नावे सांगते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने २०१२ पासून तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली संपूर्ण पाठ्यपुस्तके मोफत दिली आहेत, आणि अमेरिकेतीलच एमआयटी या तंत्रविद्यापीठाने २००१ साली जाहीर केलेल्या ‘ओपनकोर्सवेअर’वर तिथल्या अभ्यासक्रमांची टिपणे, व्याख्याने आणि प्रश्नपत्रिका आहेत. हे आठवीच्या मुलांसाठी नाही, पण आठवीच्या विषयाखाली काय दडले आहे हे शिक्षकाला माहीत असले की मुलाच्या अनपेक्षित प्रश्नाची भीती वाटत नाही. असे संपूर्ण अभ्यासक्रम अर्धवट सोडणारेच जास्त असतात, म्हणून सगळा पूर्ण करण्याचा संकल्प करू नका. पुढच्या महिन्यात शिकवायच्या घटकाचे एक प्रकरण वाचा आणि त्याखालची चार उदाहरणे कागदावर सोडवा.

मराठी रूपांतर छापून देण्याचा तुमचा प्रश्न विचारला गेला याचा मला विशेष आनंद झाला, कारण बहुतेक जण तो विचारतच नाहीत. मोफत आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोफत म्हणजे पाहायला पैसे पडत नाहीत एवढेच. मुक्त म्हणजे ते ठेवून घेण्याचे, बदलण्याचे आणि पुन्हा वाटण्याचे अधिकार कर्त्याने आधीच लेखी दिलेले असतात. ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ सालच्या परिषदेत ठरली आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या सदस्यराष्ट्रांनी त्यासंबंधीची शिफारस स्वीकारली. प्रत्यक्षात हे अधिकार बहुधा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्यांतून मिळतात. या संस्थेने आपले पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध केले. पानाच्या तळाशी ‘सीसी’ या खुणेपुढची अक्षरे वाचायची सवय लावा. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे तुम्ही केलेले रूपांतरही त्याच अटीवर इतरांना खुले ठेवा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी उपयोग करू नका. वर्गात विनामूल्य वाटलेल्या कार्यपत्रिकेला याची सहसा अडचण येत नाही, पण त्याच पत्रिकांचा संच करून विकायला ठेवला तर ती अट मोडते. ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नका, आणि भाषांतर हा बदलच मानला जातो. तेव्हा ‘एनडी’ दिसले तर मूळ प्रत जशीच्या तशी द्या आणि मराठीत स्पष्टीकरण तोंडी करा, किंवा कर्त्याला पत्र लिहून परवानगी मागा. मी अशी पत्रे लिहिली आहेत आणि अनेकदा उत्तर आनंदाने ‘हो’ असे आले आहे. पानावर कोणताच परवाना नसेल तर सर्व हक्क राखून ठेवले आहेत असे समजून चाला. अध्यापनासाठी कायद्यात सवलती असतात, पण त्या देशागणिक वेगळ्या आहेत, आणि वर्गापुरती मिळणारी सवलत ती पत्रिका इंटरनेटवर टाकण्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

यातली एक खाच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विकिपीडियाचा मजकूर ‘बाय-एसए’ परवान्याखाली आहे, तर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरचा ‘बाय-एनसी-एसए’खाली. दोघांनीही ‘माझ्याच अटी पुढे ठेवा’ असे सांगितले आहे आणि त्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडचे परिच्छेद एकत्र करून नवे एकजीव टिपण बनवून वाटता येत नाही. ते एकाच पत्रिकेत हवे असतील तर वेगवेगळ्या चौकटींत, आपापल्या श्रेयासह ठेवावेत. श्रेय लिहिताना साहित्याचे नाव, कर्त्याचे नाव, ते कुठे मिळाले तो पत्ता आणि परवाना एवढे द्यावे, आणि पुढे ‘मराठी रूपांतर आणि बदल’ असे लिहून आपले नाव घालावे. ‘इंटरनेटवरून साभार’ हे श्रेय नव्हे, कारण त्यावरून कुणालाच मूळ कर्त्यापर्यंत पोहोचता येत नाही.

इंटरनेट सगळ्यांकडे सारखे नसते, म्हणून घरी पाहून या असे सांगण्याआधी विचार करा. फेटच्या बहुतेक प्रतिकृती एका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि नंतर इंटरनेटशिवाय चालतात. ‘किविक्स’ हे सॉफ्टवेअर वापरून संपूर्ण विकिपीडिया एका पेनड्राइव्हवर नेता येतो, आणि ‘कोलिब्री’ तर अशाच ठिकाणांसाठी बनवलेले आहे, एका संगणकावर साहित्य भरून ठेवले की वर्गातल्या इतर यंत्रांवर ते इंटरनेटविना दिसते. मुलांची खाती उघडण्याबाबत मी फार सावध असते. फेट आणि जिओजिब्रा खात्याशिवायही वापरता येतात, ती आधी निवडा. जिथे नाव, ईमेल आणि जन्मतारीख मागितली जाते तिथे पालकांना विचारल्याशिवाय मुलाला बसवू नका, आणि मोफत साधन मुलांकडून नेमके काय गोळा करते, हे एकदा बसून वाचा.

त्या दोनशे लिंकचे काय करायचे? त्या पुसू नका, पण त्यांची मांडणी बदला. आता त्या बहुधा संकेतस्थळाच्या किंवा विषयाच्या नावाने लावलेल्या असतील. त्याऐवजी एका वहीत डावीकडे मुले जिथे अडतात ते वाक्य लिहा आणि उजवीकडे त्या जागी उपयोगी पडलेले एखादेच साधन, त्यातला नेमका भाग, तो दाखवण्याआधी विचारलेला प्रश्न आणि परवाना लिहा. वर्षाला अशा पंधरा-वीस ओळी झाल्या तरी खूप झाल्या. ज्या लिंकसाठी डावीकडचे वाक्य सुचत नाही ती तशीच राहू द्या. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना ही वही दाखवा, त्यांच्या वर्गातली मुले बहुधा त्याच जागी अडत असतील.

पहिली ओळ त्या मुलीची असू द्या. तिला नवा व्हिडिओ दाखवू नका. पंचाहत्तर सेंटिमीटरची फीत, मोजपट्टी आणि कात्री तिच्या हातात द्या, पाव मीटरचे तुकडे कापायला सांगा, आणि तीन तुकडे टेबलावर पडल्यावर तिने लिहिलेले तीन-सोळांश तिच्यासमोर ठेवून गप्प बसा. ती स्वतः काहीतरी बोलेपर्यंत थांबा. मग फळ्यावर संख्यारेषा काढून शून्यापासून पाऊणपर्यंत पाव-पावच्या उड्या तिलाच मारायला सांगा. त्यानंतर सरावाचे चार प्रश्न, आणि आठवड्याने कोणतीही उजळणी न करता आणखी दोन. शेवटी, जिथे भागाकाराचे उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे येते अशी दोन शाब्दिक उदाहरणे तिलाच बनवू द्या. ती चांगली जमली तर तिची आणि पालकांची संमती घेऊन, नाव न घालता, ‘सीसी बाय’ परवान्याखाली ती इतर शिक्षकांसाठी खुली करा, आणि तिचे मूळ चुकलेले उत्तरही त्यासोबत द्या, कारण पुढच्या शिक्षकाला त्याचीच जास्त गरज पडणार आहे.